हान्स सेल्ये: उंदरांच्या पोटातून 'ताण' शोधणारा डॉक्टर

"डॉक्टर, हे सगळं टेन्शनमुळे होतंय का?" दवाखान्यात हा प्रश्न रोज येतो. कोणाच्या पोटात जळजळ असते, कोणाची झोप उडालेली असते, कोणाची शुगर औषधे चालू असूनही वाढत असते. कधी रुग्ण स्वतः विचारतो, कधी सोबत आलेली बायको किंवा मुलगा. उत्तर कधी 'हो' असते, कधी 'नाही' आणि पुष्कळदा 'थोडेफार'.

मनावरचा किंवा शरीरावरचा ताण रक्तात आणि मेंदूत नेमके काय करतो, हे आज आपल्याला बरेचसे माहीत आहे. या माहितीची सुरुवात ज्या माणसापासून झाली, त्या हान्स सेल्ये यांची ही ओळख. त्यांचे काय बरोबर ठरले, काय अपुरे राहिले आणि कोणत्या बाबतीत त्यांचे अजिबात ऐकू नये, हे कळले तर तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर समजणे सोपे जाईल.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नामध्ये झाला. वडील हंगेरियन, लष्करात सर्जन होते आणि आई ऑस्ट्रियन. बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम गावात गेले. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या आणि गावाचा एक भाग चेकोस्लोव्हाकियात गेला. घरात एकापेक्षा जास्त भाषा बोलल्या जात, त्यामुळे लहानपणापासूनच त्यांना अनेक भाषा येत होत्या.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात ते वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. १९२९ मध्ये डॉक्टर झाले आणि दोन वर्षांनी रसायनशास्त्रात पीएच.डी.ही मिळवली.

विद्यार्थी असतानाच एक गोष्ट त्यांच्या मनात बसली. प्राध्यापक वर्गात रुग्ण आणत आणि प्रत्येक आजाराचे खास लक्षण दाखवत. कोणाला कोणता पुरळ, कोणाची यकृताची सूज, कोणाचे टॉन्सिल. सेल्ये यांना मात्र सगळ्या रुग्णांमध्ये सारखे काय आहे तेच दिसत होते. भूक नाही, वजन घटलेले, अंगात त्राण नाही, अंग दुखते, जीभ पांढरी, चेहरा उतरलेला. आजार कोणताही असो, आजारी माणूस 'आजारी' दिसतो. असे का? प्रश्न इतका साधा होता की कोणाला तो विचारावासाच वाटत नव्हता. सेल्ये यांनीही तो तेव्हा बाजूला ठेवला.

माँट्रियलमधला फसलेला प्रयोग

१९३१ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत गेले आणि तिथून कॅनडातल्या माँट्रियल शहरातील मॅकगिल विद्यापीठात पोहोचले. तिथे जे. बी. कॉलिप या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. इन्सुलिन माणसाला टोचण्याइतके शुद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हेच कॉलिप.

सेल्ये तेव्हा स्त्रीबीजकोशातील एखादे नवीन हार्मोन शोधत होते. जनावरांच्या स्त्रीबीजकोशांचा अर्क काढून ते तो उंदरांना टोचत. काही दिवसांनी उंदरांचे शवविच्छेदन केले की तीन बदल दिसत:

- मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर मोठा झालेला असे.
- छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आणि लसिका ग्रंथी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी जिथे तयार होतात आणि राहतात ते अवयव, आक्रसलेले असत.
- जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला जखमा, म्हणजे अल्सर, झालेले असत.

नवे हार्मोन सापडले असे त्यांना वाटले. पण दुसऱ्या अवयवांचा अर्क टोचला तरी तेच तीन बदल दिसले. शेवटी त्यांनी फॉर्मॅलिन टोचून पाहिले. फॉर्मॅलिन म्हणजे प्रयोगशाळेत अवयव टिकवण्यासाठी वापरतात ते रसायन. त्यात हार्मोन असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तेच तीन बदल झाले, आणि तेही अधिक जोरात.

नवे हार्मोन शोधण्याची आशा तिथे संपली. पण याच वेळी त्यांना प्रागच्या वर्गातला जुना प्रश्न आठवला. कारण वेगवेगळे असले तरी शरीराची प्रतिक्रिया एकच असेल तर? मग त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना थकेपर्यंत पळायला लावले, काहींना निरनिराळी औषधे मारक नसलेल्या पण मोठ्या मात्रेत दिली. प्रत्येक वेळी तेच त्रिकूट दिसले.

४ जुलै १९३६ रोजी 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे छोटे पत्र छापून आले. एका पानाएवढ्या त्या मजकुरात 'स्ट्रेस' हा शब्द कुठेही नाही. तो त्यांनी नंतर वापरायला घेतला. पदार्थावर भार टाकल्यावर आत जो ताण निर्माण होतो, त्यासाठी अभियंते हा शब्द वापरत असत. पुढे सेल्ये यांच्या व्याख्यानांमधून आणि पुस्तकांमधून तो इतका पसरला की अनेक भाषांनी त्याचे भाषांतरही केले नाही. आपण 'टेन्शन' जसे मराठीतच घेतले, तसेच.

शरीरात होते काय?

सेल्ये यांच्या उंदरांमध्ये जे घडत होते, तीच साखळी तुमच्या-आमच्या शरीरातही चालते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. संकटाची चाहूल लागली की तो एक रासायनिक निरोप खालच्या पिट्युटरी ग्रंथीला देतो. पिट्युटरी रक्तात एसीटीएच नावाचे हार्मोन सोडते. ते ॲड्रिनलपर्यंत पोहोचले की ॲड्रिनल कॉर्टिसॉल तयार करते. उंदरांमध्ये याच कामासाठी कॉर्टिकोस्टेरॉन असते.

कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते, रक्तदाब टिकवून धरते आणि प्रतिकारशक्तीला थोडे आवरते. पळायचे किंवा लढायचे असेल तर हे सगळे उपयोगाचे आहे. याच वेळी दुसऱ्या, त्याहून वेगवान मार्गाने ॲड्रिनॅलिनही सुटते. छाती धडधडते, तळहात ओले होतात ते त्यामुळे. हा वेगवान मार्ग अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी सेल्ये यांच्या आधीच दाखवला होता.

आता ते त्रिकूट पुन्हा पाहा. ॲड्रिनलला सतत काम पडते म्हणून ती वाढते. कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स जास्त झाली की थायमस आक्रसते. सेल्ये यांनी काही उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी आधीच काढून टाकल्या, तेव्हा थायमस आक्रसली नाही. निरोप ॲड्रिनलमधूनच येत होता, याचा हा पुरावा होता.

या साखळीतला एक धडा स्टेरॉइडची औषधे घेणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या आजारासाठी दिली जाणारी स्टेरॉइड्स कॉर्टिसॉलच्याच जातीची असतात. बाहेरून हार्मोन मिळत राहिले की ॲड्रिनलला काम उरत नाही आणि ती मंदावते. म्हणून बरेच दिवस चालू असलेली गोळी एका दिवसात बंद करणे धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करायची.

तीन टप्पे

सेल्ये यांनी ताणाच्या प्रतिक्रियेचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात शरीर खडबडून जागे होते. दुसऱ्यात ते जुळवून घेते. उंदीर थंडीला सरावतो, वरवर ठीक दिसतो. पण त्रास चालूच राहिला, तर साधारण एक ते तीन महिन्यांत उंदरांची सहनशक्ती संपे आणि पहिल्या टप्प्यातली लक्षणे परत येत. हा तिसरा टप्पा, थकून कोसळण्याचा.

घरात दीर्घ आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी दुसरा टप्पा नीट समजून घ्यावा. सुरुवातीची धावपळ ओसरते, दिनक्रम बसतो, "आता सवय झाली" असे आपण म्हणतो. पण सवय झाली म्हणजे शरीरावरचा भार गेला असे नाही. तो भार वाहत राहण्याची किंमत शरीर मोजतच असते. म्हणून रुग्णाबरोबर येणाऱ्या व्यक्तीचाही रक्तदाब अधूनमधून मोजला पाहिजे, तिच्या झोपेची चौकशी झाली पाहिजे.

जे सेल्ये यांना दिसले नाही: मेंदू

१९४५ मध्ये सेल्ये माँट्रियलमधल्याच दुसऱ्या, फ्रेंच भाषिक विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. शोधनिबंधांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. पण त्यांचा भर ग्रंथी आणि अवयवांवर होता. कारण कोणतेही असो, प्रतिक्रिया सारखीच, हे त्यांचे मुख्य सूत्र. पुढच्या पिढीने इथेच प्रश्न उभे केले.

जॉन मेसन यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवले की शारीरिक त्रासातून भीती आणि अस्वस्थता काढून टाकली, तर हार्मोन्सची प्रतिक्रिया बरीच वेगळी दिसते. म्हणजे कॉर्टिसॉल वाढण्यात 'मला धोका आहे' या जाणिवेचा वाटा मोठा होता.

जे वाइस यांचे उंदरांवरचे प्रयोग तर रुग्णांना मी आवर्जून सांगतो. दोन उंदरांना अगदी सारखाच विजेचा झटका बसत असे, एकाच वेळी, तेवढाच. एकाला चाक फिरवून तो थांबवता येत होता. दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हते. झटके सारखेच मिळूनही असहाय उंदराच्या पोटात जास्त जखमा झाल्या. झटक्याआधी सूचनेचा आवाज मिळणाऱ्या उंदरांनाही कमी जखमा झाल्या. मेंदूतल्या नॉरॲड्रिनॅलिन या रसायनातही फरक होता. असहाय उंदरांमध्ये ते घटले, पण ज्यांना काही करता येत होते त्यांच्यात तसे घटले नाही. असहाय उंदीर पुढे हालचालही कमी करत, सुटकेचा प्रयत्नच सोडून देत.

१९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन यांना उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या भागात, कॉर्टिकोस्टेरॉन जाऊन बसते असे आढळले. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी बनवणारा भाग. हाच भाग 'आता पुरे' असा निरोप देऊन ताणाची साखळी थांबवायलाही मदत करतो. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांना तीन आठवडे रोज काही तास जखडून ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील मज्जापेशींच्या फांद्या आखूड झाल्या. दिलासा देणारी गोष्ट ही की ताण थांबल्यावर त्या पुन्हा वाढल्या.

या कथेतला एक महत्त्वाचा भाग भारतात घडला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की त्याच ताणाने भीतीचे केंद्र असलेल्या ॲमिग्डला भागातील पेशींच्या फांद्या उलट वाढतात. अशा उंदरांचे वागणेही बदलते. उघड्या जागेत जायला ते घाबरतात आणि भिंतीच्या आडोशाला राहतात. ताण थांबवून तीन आठवडे गेले तरी ॲमिग्डलातली ही वाढ टिकून होती. संकट संपल्यावर आठवण, एकाग्रता सुधारते, पण भीती मात्र बराच काळ का रेंगाळते, याचा थोडा अंदाज यातून येतो.

सेल्ये यांच्याच मॅकगिल विद्यापीठात १९९७ मध्ये मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पान जोडले. ज्या पिल्लांना आई जास्त चाटत होती, त्यांची मोठेपणी ताणाची प्रतिक्रिया सौम्य होती आणि हिप्पोकॅम्पसची 'आता पुरे' म्हणण्याची क्षमता चांगली होती. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवायलाच हवे. पण आपुलकीचा स्पर्श मेंदूच्या रसायनांपर्यंत पोहोचतो, हे यातून दिसले.

अल्सरचे पुढे काय झाले?

उंदरांच्या पोटातल्या जखमा पाहून अनेक वर्षे असा समज पक्का झाला की अल्सर म्हणजे टेन्शनचा आजार. १९८२ मध्ये, सेल्ये यांच्या निधनाच्याच वर्षी, ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. बहुतेक अल्सरमागे हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे नंतर स्पष्ट झाले. २००५ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळाले.

ताणाचा अजिबात संबंध नाही असेही नाही. गंभीर भाजणे, मोठा अपघात, अतिदक्षता विभागातील रुग्ण यांच्या जठरात खरोखर ताणाने जखमा होतात. पण तुमची रोजची जळजळ "टेन्शनमुळे" म्हणून अँटासिड पिऊन वर्षानुवर्षे ढकलू नका. जंतूची तपासणी होते आणि औषधांच्या साधारण दोन आठवड्यांच्या कोर्सने तो बहुतेकांमध्ये बरा होतो.

तंबाखूचा पैसा

सेल्ये यांच्या आयुष्यातला हा भाग झाकून ठेवण्यासारखा नाही. मोठ्या संस्थेला पैसा लागतो. १९६० च्या दशकात त्यांचे तंबाखू कंपन्यांशी संबंध वाढले. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर धूम्रपानावर निर्बंधांचा विचार चालू असताना त्यांनी धूम्रपानाची बाजू घेतली. काही माणसांना ताण हलका करायला ते उपयोगी पडते, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाकडून मोठी मदत मिळत होती. कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे कित्येक वर्षांनी न्यायालयीन लढायांमुळे उघडी पडली, तेव्हा हे संबंध किती खोल होते ते जगाला कळले.

हे इथे सांगायचे कारण असे की तोच युक्तिवाद आजही ऐकू येतो. "टेन्शन आलं की एक सिगरेट लागते", "तंबाखूची चिमूट घेतली की डोकं चालतं." निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, म्हणजे ताणाची साखळी आणखी ताणते. चिमूट घेतल्यावर जे बरे वाटते ते मुख्यतः निकोटिनची तलफ शमल्याचे असते. ही तलफ निकोटिननेच निर्माण केलेली असते. तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड होते, पण त्यानंतर बहुतेकांची चिंता आधीपेक्षा कमी होते. मोठ्या शास्त्रज्ञाने म्हटले म्हणून ते तपासायचे नाही असे नसते. पैसा कुठून आला, हेही विचारायचे असते.

अखेरची वर्षे

१९५६ मध्ये त्यांचे ताणावरचे, सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक आले आणि ते जगभर पोहोचले. त्याच वर्षी हंगेरीतल्या उठावात त्यांच्या आईचा गोळी लागून मृत्यू झाला. पुढे १९७४ च्या पुस्तकात त्यांनी चांगला ताण आणि त्रासदायक ताण असा फरक लोकांना समजावून सांगितला. ताण शून्य करता येत नाही, करूही नये, हे त्यांचे म्हणणे आजही योग्य आहे. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. त्यांच्याकडे माँट्रियलमध्ये शिकलेल्या रॉजर गिलमँ यांना मात्र मेंदूतील हार्मोन्सवरील कामासाठी १९७७ मध्ये नोबेल मिळाले. गिलमँ यांचे शिष्य वायली वेल यांनी १९८१ मध्ये हायपोथॅलॅमसमधला तो पहिला निरोप, सीआरएफ, शोधून काढला. सेल्ये यांच्या साखळीची वरची कडी अशी हाती आली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, माँट्रियलमध्ये सेल्ये यांचे निधन झाले.

यातून तुम्ही काय घ्यायचे?

१. तपासण्या टाळू नका. 'टेन्शन' हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवे. थायरॉइड, ॲनिमिया, मधुमेह, हृदयविकार यांचीही लक्षणे तशीच वाटू शकतात. छातीत दुखणे, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे यापैकी काही असेल तर लगेच दाखवा.

२. चाकावर हात राहू द्या. आजार तुमच्या हातात नसेल, पण औषधाची वेळ, रोजचे अर्धा तास चालणे, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची चिठ्ठी, हे तुमच्या हातात आहे. घरच्यांनी रुग्णाच्या वतीने सगळेच निर्णय घेऊ नयेत. त्याला विचारा.

३. आधी कल्पना द्या. उद्या कोणती तपासणी आहे, किती वेळ लागेल, दुखेल का, हे रुग्णाला खरे-खरे सांगा. अनपेक्षित त्रास जास्त बाधतो.

४. झोप, माणसे आणि स्पर्श यांना औषधाइतकेच महत्त्व द्या. आळीपाळीने सेवा करा. एकाच व्यक्तीवर सगळा भार टाकू नका.

५. तंबाखू, सिगरेट, दारू ही ताणाची औषधे नाहीत.

६. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर डॉक्टरांशी बोला. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

ताणाने आक्रसलेल्या पेशी विश्रांती मिळाली की पुन्हा वाढू शकतात, हे उंदरांनी दाखवले आहे. भीती ओसरायला मात्र जास्त दिवस लागतात. म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला "आता तर बरा झालास, मग अजून कसली भीती?" असे म्हणू नका. त्याला अजून थोडा वेळ द्या.